तीन आठवडे

चिम्बोतेला बदली झाली. बसमधून उतरले आणि
माशांच्या भुकटीच्या कारखान्यामागे ओकले,
नव्याकोऱ्या पांढऱ्या गणवेशात.
घरमालकीण एउदोसियाबाई पाणी घेऊन आल्या.
"तीन आठवडे मोज, पोरी.
मग तूच विचारशील, कसला वास?"

मोजले.
भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा, कैद्यासारख्या.
पावाला वास, उशीला वास,
दात घासताना दातांना.
कारखान्याजवळच्या पुलावर श्वास धरायचे,
एक ते चाळीस. चाळीसला पूल संपायचा.
सतराव्या दिवशी रेघ मारायची राहिली.
वास नेमका कधी गेला ते सांगता येणार नाही,
निरोप घेऊन गेला नाही.

दवाखान्याच्या वहीत माझंच अक्षर :
एप्रिल. "एदिल्बेर्तो, वय सहा. खोकला कोरडा, रात्री वाढतो.
आई म्हणते, झोपेतून उठून बसतो
खिडकीकडे तोंड करून."
जून. "मुलगा, सहा. खोकला."
ऑगस्ट. नुसती दोन टिंबं,
म्हणजे वरीलप्रमाणे.
त्याखाली पानभर टिंबं,
साखरेकडे निघालेल्या मुंग्यांसारखी.

सप्टेंबरात डोंगरातून आई आली,
पोत्यात बटाटे, शालीत गुंडाळलेलं चीज.
तिनं मला मिठीत घेतलं
आणि मिठी सुटली,
नेहमीपेक्षा एक श्वास आधी.
बोलली काहीच नाही.
रात्री तीनदा माझे केस धुतले,
लहानपणी उवा काढायची तशी मान खाली दाबून.
फेसातूनच मी विचारलं, "कसला वास?"
भिंतीपलीकडे एउदोसियाबाई हसल्या.

आई गेली त्या सोमवारी
रांगेत एदिल्बेर्तो होता.
टिंबं द्यायला मी पेन टेकवलं.
"आता नाही हो उठून बसत रात्री,"
त्याची आई सांगत होती, चेहरा खुललेला,
"अंगवळणी पडलं त्याच्या."
पेन उचलायचं राहून गेलं.
शाई कागदात पसरत गेली,
खालच्या तीन पानांवर उमटली.

वास येत नाही, तरी
पुलाला पाय लागला की छाती आपोआप बंद होते.
परवा सहज मोजले.
चाळीस झाले, पूल संपेना.
बावन्नला संपला.
पूल तेवढाच आहे.
मीच सावकाश चालायला लागले असेन.