किमान तापमान

पहाटे साडेपाच. उठायचं नाही, बोलायचं नाही,
पाण्याचा घोटसुद्धा नाही.
आधी जिभेखाली पारा.
पारा कसला, आता आत बॅटरी असते,
पण आमच्या खात्यात जुने शब्द लवकर निवृत्त होत नाहीत.
छत्तीस पूर्णांक एकेचाळीस.
अंधारातच वहीत लिहिते. ते अक्षर पाहून
कुणाला वाटणार नाही की ही बाई
सिमला ऑफिसात अकरा वर्षं
शहराचा ताप मोजते.

डॉक्टर तांबोळींनी माझा आलेख आडवा धरला, उभा धरला,
मग पेन्सिलीनं एक रेघ मारली.
इथे बीज सुटलं.
इथून वर चढतं, आणि टिकायला हवं बारा-चौदा दिवस.
तुझं नवव्या दिवशीच घसरतंय.
बीज निघून गेल्यावर मागे जी रिकामी पिशवी उरते ना,
ती पिवळी होते, म्हणाल्या, आणि कामाला लागते,
घर ऊबदार ठेवते,
पाहुणा येवो न येवो.
हळदीसारखी पिवळी? मी विचारलं.
त्या हसल्या. गाईच्या लोण्यासारखी.

रक्त तपासू, थायरॉइड बघू. तोवर झोप.
पोटभर जेव. टेकडीवर धावतेस ती चाल.
आणि बिया? नणंदेनं सांगितलंय, पंधरा दिवस या, पंधरा दिवस त्या.
बियांनी होतं असं मी म्हणणार नाही,
पण खा की. भोपळ्यानं कुणाचं वाईट केलंय?

तेव्हापासून यशपाल मंडईतून
लाल भोपळ्याची फोड आणतो, बियांसकट मागून घेतो.
गॅलरीत वर्तमानपत्रावर बिया वाळतात,
बरोबर हवामानाच्या रकान्यावर.
कबुतरांशी त्याचं रोज भांडण.
चौथा चहा बंद. मग तिसराही.
संकष्टी सोडवली ती सासूबाईंनीच:
बाप्पाचं मी बघते, तू जेव.
रात्रपाळी नको म्हणून अर्ज केला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं, प्रकृती.
आगाशे साहेबांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं
आणि काही न विचारता सही केली.
माणसाचे उपकार असेही असतात.

हनुमान टेकडीवर आता हळू चढते.
धावताना कधी दिसला नव्हता
तो एक वाकडा पळस, अजून पानांत,
फुलायला महिना तरी आहे.
त्याला कुणी विचारत नाही, काही विशेष?

पौषात थंडी पडली. वर्तमानपत्रांचे फोन:
शिवाजीनगर किती? पाषाण किती?
माझा आकडा फक्त एकजण विचारतो,
तोही न बोलता: रजईत तळहात पुढे करतो,
मी त्यावर बोटानं गिरवते.
सात, दोन. छत्तीस गृहीतच.
नववा दिवस. सात, एक.
नीट गिरव, म्हणाला, एक की चार?
एक.
दहावा. अकरावा.
बाराव्या दिवशी त्याचा हात आधीच उघडा होता.

तेराव्या पहाटे तीन, आठ.
त्यानं माझं बोट मुठीत धरलं
आणि तसंच धरून ठेवलं,
खाली दूधवाल्याची घंटी वाजेपर्यंत.

वहीत लिहिलं. शाई फुटली थोडी.
बारा दिवस. मागे नऊ होते.
डॉक्टर याला काय म्हणतील माहीत नाही.
मी याला बारा म्हणते.

मग बसनं शिमला ऑफिस चौक.
दवानं भिजलेलं गवत, त्यात ती पांढरी पेटी,
चार पायांवर, झडपांची.
दार उघडलं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला,
श्वास धरला, आपल्या उबेनं आकडा बिघडू नये म्हणून.
आठ पूर्णांक नऊ.

दहा वाजता फोन: मॅडम, अजून उतरेल का हो?
मी म्हटलं, अंदाज वरच्या मजल्यावर मिळतो.
मी फक्त झालेलं सांगते.