हात काढ आधी

उद्यमनगरात शेजारची भट्टी पेटली
की आमचा दाब पडतो,
मीटरवरचा आकडा दोनशे हर्ट्झनं घसरतो.

बाबालालचाचा म्हणाले, "हात काढ आधी.
तुझा हातबी हिशेबात धरतंय त्ये."
बोट मागं घेतलं. आकडा सरकला.

कॉइल मेणात बुडवली,
स्वस्त कपॅसिटर उपटून अभ्रकाचे लावले,
पुरवठ्याला झेनर,
वर बिस्किटाचा पत्र्याचा डबा.

तरी दुपारी चळायचंच.

चौथ्या दिवशी चाचांनी खिशातून,
तंबाखूच्या पुडीशेजारून,
क्रिस्टल काढला. नखाएवढा.
"पयल्यांदाच दिला असता तर
कशाकशानं हलतं, कळलं असतं का तुला?"

आता भट्टी पेटते, दिवा मंदावतो,
शेवटचा आकडा तेवढा चुळबुळतो.

मी हात
अजून लांबच धरते.