अपसेट

कंपनीच्या भाषेत याला अपसेट म्हणतात.
म्हणजे कॉम्प्रेसर अडकला, वीज डोळा मिचकावून गेली,
किंवा एखाद्या व्हॉल्व्हनं ऐन वेळी हात वर केले
आणि नळ्यांतून धावणाऱ्या वायूला
जायला जागा उरली नाही.
मग तो वर जातो. पेटतो.

माणूस अपसेट झाला तर दार लावून घेतो,
जेवत नाही, फार तर भांडी आपटतो.
इथे टेक्सासच्या टोकाला, सबीन तळ्याकाठी
कारखान्याचं बिनसलं
की दोनशे फुटांवर जाळ उठतो
आणि पेकन रस्त्यावरची माणसं रात्री दोन वाजता
दिवा न लावता औषधाची बाटली शोधतात.
दिव्याची गरजच नसते.

ऑर्डेलिया ब्रुसार्ड, वय बहात्तर,
शाळेच्या स्वयंपाकघरात हयात गेली.
त्यांच्या वहीत पुढून केकच्या कृती,
मागून जाळाच्या नोंदी.
रताळ्याच्या पायपाशी दोन्हींची गाठ पडली.

चौदा फेब्रुवारी. एक पन्नास ते पहाट. काळा धूर.
तावदानं थरथरली.
ट्रेव्हियनला दोनदा वाफ दिली.
कंपनीचा नंबर: कोणी उचलत नाही.

शेजारचा खिएम अंगणात कोळंबीची जाळी शिवतो.
म्हणतो, समुद्रातून याच जाळावरून घर ओळखतो मी,
होकायंत्र फुकट मिळालंय.
म्हणतो, पण हसत नाही.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली.
इंजिनिअर मरिसेला ओन्तिवेरोस, नवी, घसा कोरडा,
म्हणाली, हा जाळ शत्रू नाही,
तो नसता तर टाकी फुटली असती.
ऑर्डेलियाबाई उठल्या, खुर्चीची पाठ धरून.
ठाऊक आहे पोरी. चारशे पोरांचं दूध तापवलंय मी.
उतू गेलं की शेगडीवर सांडणारच.
मी एवढंच विचारते,
रोज शेगडी पुसायची
की आच कमी करायची, भांडं मोठं घ्यायचं?

मरिसेलाकडे त्या रात्री उत्तर नव्हतं.
तिनं प्रश्न मात्र लिहून घेतला,
भांडं हा शब्द सुद्धा.

पुढे दोन वर्षं गेली. बैठका, दंड, पुन्हा बैठका.
जोडीला दुसरा कॉम्प्रेसर आला,
वर जाणारा वायू ओढून भट्टीत परत जाळू लागला.
बंद पडलेलं युनिट घाईनं सुरू करणं थांबलं.
वाफेचं माप ठरलं: कमी पडली तर धूर,
जास्त झाली तर ज्योत अर्धपोटी,
न जळलेलं तसंच हवेत सोडते
आणि दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही.
उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही:
कहाण्यांतलं हे बोलणं
शेवटी एका कारखान्याकडून वदवून घ्यावं लागलं,
तेही सही-शिक्क्यानिशी.

मग एक रात्र आली, साधी.
सवयीनं दोन वाजता जाग आली बाईंना.
खोलीत काळोख. भिंतीवर काही हलत नव्हतं.
धुराड्याच्या टोकाला अंगठ्याएवढी ज्योत,
तेवढी ठेवावीच लागते.
त्या चाचपडत नातवाच्या पलंगापाशी गेल्या,
गुडघा आपटला, शिवी आली तोंडात,
आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.
श्वास येत होता, जात होता, शिट्टी नव्हती त्यात.
वहीत काय लिहावं कळेना.
नुसती तारीख घातली.

खिएमची कुरकुर: काल बोट अर्धा मैल चुकली.
चुकू दे, बाई म्हणाल्या.

ऑक्टोबरात एका रात्री फोन वाजला.
मी मरिसेला. दहा मिनिटांत पेटेल,
अकरा मिनिटं जळेल. खिडक्या लावून घ्या.
बाईंनी खिडक्या लावल्या, चष्मा घातला,
घड्याळ मांडीवर घेऊन बसल्या.

वहीत लिहिलं: चौदा.
मग फोन उचलला.