आवाज कुठून येतो

टक.
सहकारी दुकानाच्या वळणावर, दर वेळी तिथेच,
पायाखाली कुठेतरी.
मी मनाशी म्हटलं, मागे जॅक सैल झाला असेल.
हेनिंगला ऐकू येत नाही, सहा वर्षं झाली.
त्यानं डॅशबोर्डवर तळवा ठेवला,
पूर्वी गाभण गाईच्या कुशीवर ठेवायचा तसा,
आणि म्हणाला, पुढचा डावा बुश गेला.

एकोणनव्वदची व्होल्वो. आमच्या थोरलीच्या वयाची.
थोरली योटेबोर्गला गेली. ही अजून घरी आहे.

सिक्स्टेननं शेडमध्ये गाडी वर घेतली,
पहार घालून आर्म हलवला,
आणि आतलं रबर दिसलं:
भेगाळलेलं, एका बाजूला पार चेपलेलं.
मऊ लागलं म्हणून आम्ही ते कोपरानं खणलं
चौतीस वर्षं,
एकदाही खाली वाकून न बघता.
मागचेही तसलेच.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन खोके.

पहिला कंपनीचा, गोदामातला शेवटचा संच.
किंमत ऐकून मी खुर्ची ओढली.
सिक्स्टेननं रबरावरचा बारीक शिक्का नखानं दाखवला:
दोन हजार नऊ.
"न वापरताही म्हातारं होतं ते. खोक्यात बसून."
मला माझी नणंद आठवली,
आणि मी तो विचार लगेच सोडून दिला.

दुसरा स्वस्त. रबर यंदाचंच,
वास असा की मांजर उठून गेलं.
"उणे पस्तीसमध्ये किती टिकेल?"
सिक्स्टेननं खांदे उडवले, आणखी एक बिस्कीट घेतलं.

तिसरा पॉलीचा. लालभडक, कडक,
सोबत ग्रीसची पुडी.
"हा तुम्हाला पुरून उरेल," तो म्हणाला,
"पण रस्ता गाडीत येईल. खडा न् खडा."

मग रबरच, मी म्हटलं. विषय संपला.
मे महिन्यात इथला रस्ता फुगतो,
जमिनीतला बर्फ सुटताना डांबराला पाठीवर घेतो,
आणि हेनिंगच्या कमरेत दोन मणके आधीच रुसलेले.
वहीत लिहिलं: मऊ घेऊ. तुझ्या पाठीसाठी.

त्यानं वाचलं. चष्मा काढला.
"मऊ मला काय सांगणार?
डांबर संपलं, खडी लागली,
नदीवरचा लाकडी पूल आला,
रेनडियरच्या कुंपणाची जाळी आली,
हे मला टाचेतून कळतं, बैठकीतून कळतं.
तेवढंच तर ऐकू येतं मला.
सगळं मऊ केलंस की मी आपला
काचेतून बघत बसायचा."

सहा वर्षं मी त्या पुलावरून
त्याच्यासाठी गाडी हळू नेत होते.

कॉफी गार झाली.
सिक्स्टेन म्हणाला, पुढे पॉली, मागे रबर,
आणि दोघांनीही माझ्याशी भांडू नका.
मागचं मी यंदाचं मागवतो, बऱ्या घरचं.

शनिवारी बसवले.
मागचे शेवटचे बोल्ट त्यानं हवेत आवळलेच नाहीत.
गाडी चाकांवर उतरवली,
आम्हा दोघांना आत बसायला लावलं,
मागे बटाट्यांची दोन पोती,
आणि स्वतः पाठीवर सरकत खाली गेला.
"रबर रोजच्या ओझ्याखालीच आवळायचं," त्याचा आवाज खालून आला,
"नाहीतर नुसतं उभं राहणंही त्याला पीळ होतो."
मी हे वहीत लिहिलं नाही.
हेनिंगचा तळवा दारावर होता,
पाना फिरलेला त्याला कळत होता.

पुलावर मी वेग कमी केला नाही.
"एकोणीस फळ्या," तो म्हणाला. "दोन सैल आहेत."
आणि परत फिरून पुन्हा एकदा ने, म्हणाला.

आता थंडीच्या सकाळी पुढून बारीक कुरकुर येते,
दुकानाच्या वळणापर्यंत, कधी त्याच्याही पुढे.
ग्रीस कमी पडलं, सिक्स्टेन म्हणतो, घेऊन ये.
अजून नेलेली नाही.
ती मला एकटीलाच ऐकू येते.