अठ्ठाविसावं वळण

समुद्रापासून वरच्या गावापर्यंत एक्केचाळीस वळणं.
मी मोजलीत, आमच्या गाढवाने मोजलीत,
आणि आता कलिओपीच्या मनगटावरचं घड्याळ मोजतं,
पण ते मीटरमध्ये मोजतं.
वळण म्हणजे काय, त्याला माहीत नाही.

जुलै. क्रीटच्या दक्षिण अंगाचा कडा
भट्टीतून नुकत्या काढलेल्या विटेसारखा.
आफ्रिकेकडून वारा येतो, तो गारवा आणत नाही,
वाळू आणतो, दातांत करकरते.
झाडाझाडांतले किडे करवतीसारखे चालू असतात,
एखाद्या क्षणी सगळे एकदम गप्प होतात
आणि तेव्हा ऊन ऐकू येतं.

शनिवारी तिची शर्यत, पलीकडच्या डोंगरात.
पहाटे जा म्हटलं, तर म्हणाली,
"आत्या, शर्यत दुपारची आहे. अंगाला ऊन सरावायला हवं."
शेळ्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.
त्या कपारीतल्या चिंचोळ्या सावलीत
एकमेकींच्या पाठीवर हनुवटी टेकून बसल्यात,
आणि तिला जाताना बघतात
आडव्या बाहुल्यांच्या पिवळ्या डोळ्यांनी.

मी मागून. काठी, दोन काकड्या,
कागदाच्या पुडीत मीठ,
ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा डबा.
माझी चाल एकच : दोन पावलं श्वास आत, तीन पावलं बाहेर.
माथ्याकडे बघायचं नाही,
पुढच्या सावलीकडे बघायचं.
एकोणिसाव्या वळणावर कॅरोबचं झाड आहे.
त्यानंतर थेट बत्तिसाव्यापर्यंत काही नाही,
थाइमचं एक झुडूप, तेही गुडघ्याएवढं.

अठ्ठाविसाव्यावर ती बसलेली सापडली.
डोकं गुडघ्यांत. शेजारच्या दगडावर सकाळचा नाश्ता.
शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे किनारे.
आधी कपाळाला हात लावला. घाम होता.
हायसं वाटलं.
घाम थांबला की घाबरायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.
फडकं मानेवर, पाणी मनगटांवर,
प्यायला घोट घोट, घटाघटा नाही.
काकडी गुडघ्यावर मोडली, मीठ लावलं.
ती डोळे मिटून सशासारखी खात राहिली.

मग म्हणाली, "बाबा सांगतात,
तू चपला हातात घेऊन हा चढ पाऊण तासात धावली होतीस.
भर दुपारी. कशी?"

कशी.

"मी धावत नव्हते गं. मला उशीर झाला होता."

एकच्या बसने तुझा बाप जर्मनीला निघालेला,
आणि चष्मा घरी, चुलीवरच्या फळीवर.
त्या दिवशी वळणं मोजली नाहीत.
एप्रनच्या खिशात त्याची पत्र्याची डबी
दर पावलाला मांडीवर आपटायची.
वर पोचले तेव्हा चौकात धूळ होती,
धुळीत एक कोंबडी,
आणि बसचा आवाज तिसऱ्या टेकडीमागे.
मी तिथेच उभी राहून
चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.
सगळा डोंगर वितळून खाली आला.

दोन महिन्यांनी पत्र आलं :
नवा चष्मा घेतला,
श्टुटगार्टमध्ये सगळं स्वच्छ दिसतं,
बघायला चढ तेवढा नाही.

कलिओपी हसली नाही. तिचं घड्याळ किणकिणलं :
थांबलात का? आजचं धावणं संपवायचं का?
तिने ओल्या फडक्याचं टोक त्याच्यावर टाकलं,
झोपलेल्या पोराच्या तोंडावर टाकावं तसं,
आणि उठली. हात गुडघ्यांवर दाबत,
माझ्याहून म्हातारी होऊन, चालायला लागली.

मी पुढे झाले.
बत्तिसाव्याची सावली या वेळी
पाऊलभर रुंद असते. दोघी मावणार नाही.
आळीपाळीने उभ्या राहू.