मान

ओरेस्त, परवा गॅलरीत मी होते.
शेजारच्यांच्या पिकअपमधून चार तास, बर्फातून, रेजायनापर्यंत.
तिसऱ्या रांगेत, खांबाआड,
डोक्याला आईचा गुलाबांचा रुमाल.
तुला दिसले नसणार. तुला म्हणे समोरच बघायचं असतं.

लाल गालिचा. तुझ्यामागे तलवार लावलेलं पोरगं,
मिसरूडही धड न फुटलेलं.
कारकुनानं विधेयकाचं नाव वाचलं
आणि राजाच्या नावानं तू मान हलवलीस.
एवढीशीच.
बाबा गाय विकताना हलवायचे, तेवढी.

आमचा दवाखाना गेला त्यात.

याच अकरा खाटांसाठी, एकोणतीस वर्षांपूर्वी,
याच सभागृहात तू पहाटेपर्यंत बोलला होतास.
थर्मासमध्ये बीटचं सार मीच भरून दिलं होतं.
घसा बसला तर म्हणे कागदावर लिहून शेजारच्याला वाचायला दिलंस,
सभापती ओरडले, तू हसलास.
तो दाग पडलेला सदरा अजून माझ्याकडे आहे.

मग मंत्री झालास. जिल्हाभर डांबर आणलंस,
आपल्या गल्लीत मात्र नाही, लोक काय म्हणतील म्हणून.
रेल्वेचा फाटा उखडू दिलास.
धान्याचा मनोरा पाडला त्या दिवशी
कबुतरं संध्याकाळपर्यंत रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होती.
त्या निवडणुकीत एक्केचाळीस मतांनी पडलास.
त्यातलं एक माझं होतं.
आज सांगते.

आता मोठ्या घरात राहतोस, झुंबरांखाली.
मारुस्या असती तर पहिल्याच दिवशी पडदे धुवायला काढले असते.
फिती कापतोस. शंभरी गाठलेल्यांना पत्रं पाठवतोस.
दुसऱ्याचं भाषण 'माझे सरकार' म्हणून वाचतोस,
चष्मा सारखा घसरतो तुझा.
चर्चमधल्या बायका कुरकुरतात:
पूर्वी पिरोही खाऊन मीठ कमी आहे म्हणायचा,
आता सगळ्यांनाच 'उत्तम'.

मी समजू शकते, रे.
मम म्हणणाऱ्याला पूजा थांबवता येत नाही.
पण एवढा मान, आणि काम काय, तर मान?

रात्री अकराला फोन वाजला.
मी हॅलो म्हटलं. पलीकडे नुसता श्वास, तुझा,
सर्दी झालेला.
बराच वेळ थांबले.
फोनवर मान हलवलेली दिसत नाही, ओरेस्त.

रविवारी ये.
खुराड्याचं दार निखळलंय, कोल्हा येऊन जातो.
त्या तलवारवाल्या पोरालाही आण,
खिळे धरायला.