ग्रुपची बेरीज

त्या जूनमध्ये कुणी टक्के विचारत नव्हतं.
जिन्यात, पिठाच्या गिरणीत, दुधाच्या केंद्रावर
एकच प्रश्न: ग्रुप किती?

ग्रुप म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी.
बाकीचे विषय लग्नातल्या लांबच्या नातलगांसारखे,
यायला हवेतच,
फोटोत मात्र नकोत.

बाबा कांजूरला डॉक्टर सबनिसांचे कंपाउंडर.
बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची,
कात्रीनं खाचा पाडायच्या,
सहा खाचा, दोन दिवस,
आणि गुलाबी मिक्श्चर वरच्या रेघेला टेकलं
की डोळे बारीक करून म्हणायचं, बरोब्बर.

त्याच डोळ्यांनी त्यांनी माझी मार्कशीट
खिडकीच्या उजेडात धरली.
एक्क्याण्णव, एकोणनव्वद, त्र्याण्णव.
दोनशे त्र्याहत्तर.
मग खालून वर.
दोनशे त्र्याहत्तर.
"आणि मराठीचे चौऱ्याऐंशी?"
ते नाही धरत, बाबा.
"इंग्रजी?"
नाही.
"गणित तरी? गणिताशिवाय डोस कसा काढणार हे लोक?"
गणितात बासष्ट होते.
मी गप्प राहिले.

फोर्टातल्या कचेरीत यादी लागली,
काचेच्या कपाटात, कुलपाआड.
ती नेमकी आमच्या आकड्यावर येऊन थांबलेली.
दोनशे त्र्याहत्तरवाले आम्ही चौघं,
जागा तीन.
खिडकीतल्या कारकुनानं बोटाला थुंकी लावून
नियमाचं पान काढलं.
बेरीज सारखी, तर बायोलॉजी बघायची.
दोघं तिथेच पुढे गेले.
उरलो मी आणि माटुंग्याचा कुणी केयूर दफ्तरी.
बायोलॉजी सारखी, तर केमिस्ट्री.
तीही सारखी.
"मग फिजिक्स?" बाबांनी विचारलं.
कारकून पहिल्यांदाच हसला.
अहो, मग फिजिक्स वेगळं कुठून येणार?

तर जो वयानं मोठा तो.
दफ्तरी, एक जून.
मी, नऊ ऑगस्ट.

बाबा खिडकीशी तसेच उभे.
त्यांना आठवत असणार
बालवाडीनंतरचा तो दिवस, हेडमास्तरांचं टेबल,
"एक जून घालू का? सगळ्यांची तीच घालतो,"
आणि त्यांनी ताठ मानेनं दिलेलं उत्तर:
नाही, ऑगस्टची नऊ,
पहाटे पावणेपाच, सबनीस डॉक्टर स्वतः हजर होते.

दोन महिने आठ दिवस.
फ्लोरा फाउंटनपर्यंत चालताना ते बोटांच्या पेरांवर मोजत होते.
"आठ का नऊ गं?
पहिला दिवस धरायचा की नाही?"

आता मी मुलुंडला लॅबमध्ये बसते.
काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढते, वाळवते, रंगवते,
आणि भिंगाखाली पांढऱ्या पेशी मोजते,
शंभर. शंभरच.
बेसोफिल बहुतेक वेळा सापडतच नाही,
तरी त्याची ओळ कोरी सोडत नाही मी.
शून्य लिहिते.
चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव असतं, ते वाचते.
दफ्तरी अजून आलेला नाही.

मागच्या महिन्यात बाबांचं रक्त आलं.
कुणाला देऊ दिलं नाही, मीच बसले.
न्यूट्रोफिल बासष्ट
(हे बासष्ट मात्र धरले),
लिम्फोसाइट तीस, इओसिनोफिल पाच, मोनोसाइट तीन,
आणि ते शून्य.
कागद त्यांच्या हातात दिला.
चष्मा कपाळावर, कागद उजेडाकडे,
ओठ हलत होते.
"शंभर," म्हणाले.
"खालून वर कर एकदा."

केली.